फौजीची पेन्शन: पैशाचा हिशेब सोपा, नावाचा अवघड

विदर्भातल्या खेड्यातून भरती झालेला जवान साधारण अडतीस ते पंचेचाळीस या वयात घरी येतो. शिपाई म्हणून आला तर आणखी लवकर, सुभेदार होऊन आला तर थोडा उशिरा. नोकरीत असताना त्याचे कागद युनिटचा क्लार्क सांभाळत होता. पगार, सुट्टी, लग्नाची नोंद, मुलांच्या जन्मतारखा, सगळं तिकडेच लागायचं. डिस्चार्ज बुक, म्हणजे नोकरीच्या नोंदींचं पुस्तक, हातात पडलं की ते काम त्याच्या अंगावर येतं. तो गेल्यावर बायकोच्या अंगावर.

पेन्शन किती बसली याची चौकशी पारावर बसलेला प्रत्येक जण करतो. पण घोडं पेंड खातं ते रकमेपाशी नाही. ते खातं नावापाशी, जन्मतारखेपाशी आणि वेळेत न झालेल्या नोंदीपाशी. म्हणून आधी पैशाचा हिशेब उरकून घेऊ आणि मग त्या खऱ्या अडचणीकडे वळू.

पैसे कुठून कुठून येतात

जवान आणि जेसीओ (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) यांना सर्व्हिस पेन्शनसाठी किमान १५ वर्षांची पात्र नोकरी लागते, अधिकाऱ्यांना २० वर्षांची. पेन्शन म्हणजे शेवटच्या पगाराच्या निम्मी रक्कम. या पगारात मूळ वेतन आणि मिलिटरी सर्व्हिस पे धरतात. लागू असेल तर एक्स ग्रुप पे (तांत्रिक ट्रेडचं जादा वेतन) आणि क्लासिफिकेशन भत्ताही धरतात. घरभाडं, रेशन, फिल्ड एरियाचे भत्ते यात येत नाहीत. काश्मीरमध्ये किंवा ईशान्येत शेवटचं पोस्टिंग असलेल्याला हातात पडणारा पगार मोठा दिसायचा, आणि पेन्शन त्याच्या निम्मीही का नाही असा प्रश्न त्याला पडतो. कारण हेच.

सातव्या वेतन आयोगाच्या दरांनी एक उदाहरण मांडू. हवालदार २४ वर्षांनी आला. मूळ वेतन ३९,२०० रुपये, मिलिटरी सर्व्हिस पे ५,२००. बेरीज ४४,४००. पेन्शन बसली २२,२००, त्यावर महागाई भत्ता वेगळा.

आता कम्युटेशन, म्हणजे पेन्शनचा भाग विकून एकरकमी पैसे घेणं. फौजेत निम्म्यापर्यंत पेन्शन विकता येते. आपल्या हवालदाराने निम्मी, म्हणजे ११,१०० विकली, तर ११,१०० गुणिले १२ गुणिले वयाप्रमाणे ठरलेला गुणक. चाळिशीच्या आसपास हा गुणक नऊच्या जवळपास असतो. हाती येतात साधारण १२ लाख. बदल्यात १५ वर्षं दरमहा ११,१०० कापले जातात, म्हणजे एकूण १९ लाख ९८ हजार. महागाई भत्ता मात्र पूर्ण २२,२०० वरच मिळतो, कापून उरलेल्या रकमेवर नाही. १५ वर्षं झाली की पेन्शन पुन्हा पूर्ण होते. स्पर्शमध्ये, म्हणजे पेन्शनच्या ऑनलाइन यंत्रणेत, हे आपोआप व्हायला हवं, तरी ती तारीख घरात लिहून ठेवलेली बरी.

कम्युटेशन घ्यावं का? बँकेचं कर्ज डोक्यावर असेल किंवा विहीर आणि घर एकदमच करायचं असेल तर घ्यावं. नुसतं 'सगळेच घेतात' म्हणून घेऊन तो पैसा भिशीत, चिटफंडात किंवा नातेवाइकाच्या ट्रॅक्टरच्या डाउन पेमेंटमध्ये घालण्यात अर्थ नाही. डिस्चार्जनंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत गावातला फौजी हा सगळ्यांना चालतीबोलती बँक वाटतो.

ग्रॅच्युइटी दर पूर्ण सहामाहीला पाव महिन्याच्या पगाराप्रमाणे मोजतात, जास्तीत जास्त साडेसोळा पगार. २४ वर्षांच्या ४८ सहामाह्या झाल्या, म्हणजे १२ पगार. इथे पगारात महागाई भत्ताही धरतात. त्याशिवाय शिल्लक रजेचे पैसे कमाल ३०० दिवसांपर्यंत, एएफपीपी फंडात (फौजेचा प्रॉव्हिडंट फंड) साठलेली रक्कम, आणि एजीआयएफ म्हणजे आर्मी ग्रुप इन्शुरन्सची मॅच्युरिटी. या रकमा एकाच दिवशी, एकाच ठिकाणाहून येत नाहीत. त्यामुळे पासबुकात जमा झालेल्या प्रत्येक रकमेपुढे ती कशाची आहे हे पेन्सिलने लिहिलं तर काय आलं नाही ते लगेच कळतं.

वन रँक वन पेन्शन १ जुलै २०१४ पासून लागू आहे. एकाच हुद्द्यावरून, तेवढ्याच वर्षांच्या नोकरीनंतर आलेल्या जुन्या आणि नव्या माणसाची पेन्शन सारखी राहावी म्हणून दर पाच वर्षांनी ती नव्याने बसवतात. १ जुलै २०१९ आणि १ जुलै २०२४ अशा दोन फेऱ्या झाल्या. हुद्दा, ग्रुप (ट्रेडप्रमाणे पडणारा वर्ग) आणि नोकरीची वर्षं या तीन गोष्टींवर तक्ता ठरतो. पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या हुकमावर, ग्रुप चुकीचा पडला असेल तर प्रत्येक फेरीत कमीच रक्कम येत राहते आणि माणूस दोष सरकारला देतो. स्वतःच्या मर्जीने मुदतीआधी नोकरी सोडलेल्यांना ही सवलत १ जुलै २०१४ पूर्वीच्या प्रकरणांतच आहे.

जून २०२२ पासून सुरू झालेल्या अग्निपथ योजनेतल्या अग्निवीरांना यातलं बहुतेक काही लागू नाही. चार वर्षं, पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही. शेवटी सेवा निधीचे व्याजासह साधारण ११.७१ लाख मिळतात. या अग्निवीरांतले २५ टक्क्यांपर्यंत पुढे कायम होतात आणि वरचा हिशेब त्यांच्यासाठी.

पीपीओ आणि स्पर्श

पीपीओ म्हणजे पेन्शनचा हुकूम. तो प्रयागराजच्या पीसीडीए पेन्शन या संरक्षण लेखा विभागाच्या कार्यालयातून निघतो. पूर्वी बँक पेन्शन मोजायची आणि द्यायची. आता स्पर्श नावाच्या यंत्रणेतून संरक्षण लेखा विभाग ती थेट खात्यात टाकतो. बँकेचं काम फक्त खातं ठेवण्याचं. त्यामुळे 'या महिन्यात पेन्शन कमी का आली' हे बँक मॅनेजरला विचारून फायदा नाही. त्याच्याकडे उत्तरच नसतं.

जुना पीपीओ नंबर वेगळा आणि स्पर्शचा १२ अंकी नंबर वेगळा. दोन्ही लिहून ठेवावेत. स्पर्शमध्ये लॉगिन करून नवा ई-पीपीओ काढावा आणि त्यातली प्रत्येक ओळ डिस्चार्ज बुकाशी ताडून पाहावी: सेना नंबर, हुद्दा, ग्रुप, भरतीची तारीख, डिस्चार्जची तारीख, पत्नीचं नाव, पत्नीची जन्मतारीख, मुलं. मोबाइल नंबर घरातल्याच माणसाचा द्यावा. सेतू केंद्रवाल्याचा किंवा पुण्यात कंपनीत असलेल्या भाच्याचा नको, कारण प्रत्येक ओटीपी त्याच नंबरवर जातो. आणि 'स्पर्शमधून बोलतोय, हयातीचा दाखला अपडेट करायचाय, ओटीपी सांगा' असा फोन आला तर तो ठेवून द्यावा. ओटीपी मागणारा फोन फसवणुकीचाच असतो.

नाव, जन्मतारीख आणि पार्ट टू ऑर्डर

फौजेत लग्न, मूल, घटस्फोट, मृत्यू अशा प्रत्येक घटनेची पार्ट टू ऑर्डर निघते. कुटुंबाबद्दल फौजेला जे माहीत असतं ते एवढंच. पार्ट टू ऑर्डरमध्ये पत्नीचं जे नाव गेलं तेच पीपीओवर आलं, आणि पुढे फॅमिली पेन्शन त्याच नावाने मिळणार.

आता आपल्याकडची रीत पाहा. लग्नात मुलीचं पहिलं नाव बदलतात. माहेरची शोभा सासरी वनिता होते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर शोभा आणि वडिलांचं नाव, मतदार यादीत वनिता आणि नवऱ्याचं नाव. आधार कोणता कागद दाखवून काढलं त्यावर आधारचं नाव. युनिटमधल्या क्लार्कने जवानाने सांगितलं ते लिहिलं, तेही त्याच्या कानाला ऐकू आलं तसं. वानखडे आणि वानखेडे, गेडाम आणि गेदाम, इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ए की दोन ए, एवढ्या फरकावर स्पर्श अर्ज परत पाठवतं. कारण ते आधारशी अक्षर न् अक्षर जुळवतं.

जन्मतारखेचं दुखणं वेगळं. खेड्यातल्या पन्नाशी ओलांडलेल्या बऱ्याच बायकांच्या आधारवर जन्मतारीख १ जानेवारी असते, कारण काढताना कागद नव्हता आणि ऑपरेटरने अंदाजे वर्ष टाकलं. पार्ट टू ऑर्डरमधली तारीखही अनेकदा अशीच अंदाजाची. दोन अंदाज जुळत नाहीत.

दुरुस्ती कोणत्या टोकाने करायची हे आधी ठरवावं. लोक घाईने रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे जवानांच्या नोंदी ठेवणाऱ्या फौजेच्या कार्यालयाला, अर्ज करतात. पण पीपीओवरचं नाव बरोबर असेल आणि चूक आधारवर असेल, तर आधारच दुरुस्त करावं. ते काम गावाजवळ आणि लवकर होतं. मात्र आधारवर नाव आयुष्यात दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते. म्हणून हातात योग्य कागद असल्याशिवाय आधार केंद्रावर जाऊन ती संधी वाया घालवू नये. आधार बदललं की पॅन आणि बँकेचं खातं त्याच स्पेलिंगने करून घ्यावं. तिन्ही जुळल्याशिवाय स्पर्शकडे जाण्यात अर्थ नाही.

चूक फौजेच्या नोंदीत असेल तर रेकॉर्ड ऑफिस. ते आपल्या रेजिमेंटप्रमाणे ठरतं. महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशातल्या सागरला, गार्ड्सचं कामठीला, मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं पुण्यात खडकीला, सिग्नल्सचं जबलपूरला, एएससीचं (पुरवठा दल) बेंगळुरूला, ईएमईचं (यंत्रदुरुस्ती दल) सिकंदराबादला. डीएससीत (डिफेन्स सिक्युरिटी कोअर) पुन्हा भरती होऊन तिथून आलेल्याचं कन्नूरला. म्हणजे कामठीजवळ राहणाऱ्या माणसालाही आपली फाइल कामठीतच असेल असं धरून चालता येत नाही.

स्पेलिंगसारख्या लहान फरकाला 'ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं प्रतिज्ञापत्र दंडाधिकाऱ्यांसमोर केलं की सहसा चालतं. पहिलं नावच वेगळं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल छापून घेणं भक्कम. त्याचा अर्ज ऑनलाइन होतो. मग अर्जासोबत डिस्चार्ज बुक आणि पीपीओची प्रत, राजपत्र किंवा प्रतिज्ञापत्र, लग्नाचा दाखला, दोघांचं आधार आणि पॅन, पासबुक आणि जोडीचा फोटो असा गठ्ठा करून तो जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या शिफारशीने स्पीड पोस्टाने पाठवायचा. अर्जाच्या माथ्यावर सेना नंबर, हुद्दा, नाव. पोस्टाची पावती आणि पूर्ण गठ्ठ्याची झेरॉक्स घरी.

यात एक गोष्ट सतत चुकते. अर्ज आणि प्रतिज्ञापत्र मराठीत जातं. सागर किंवा बेंगळुरूच्या क्लार्कला मराठी वाचता येत नाही, आणि तो न वाचताच 'कागद अपूर्ण' असा शेरा मारून परत पाठवतो. प्रतिज्ञापत्र इंग्रजीत करावं. जुना मराठी दाखला जोडायचाच असेल तर त्याचं साक्षांकित भाषांतर जोडावं. दुरुस्ती मंजूर झाली की रेकॉर्ड ऑफिसच्या शिफारशीवर प्रयागराजहून सुधारित पीपीओ निघतो, त्याला कोरिजेंडम म्हणतात. तो स्पर्शमध्ये दिसेपर्यंत काम झालं असं समजू नये. रेकॉर्ड ऑफिसचं 'पुढे पाठवलं' हे पत्र म्हणजे कोरिजेंडम नव्हे.

दुसरं लग्न हा नाजूक विषय, पण लिहायलाच हवा. जात पंचायतीसमोर झालेली काडीमोड किंवा शंभराच्या स्टॅम्पवरची सोडचिठ्ठी फौज मानत नाही. न्यायालयाचा हुकूमनामा लागतो, आणि दुसऱ्या लग्नाची तारीख त्या हुकूमनाम्याच्या नंतरची लागते. नाहीतर वीस वर्षं संसार केलेल्या बाईचं नाव पीपीओवर येत नाही आणि माणूस गेल्यावर पेन्शन अशा पहिल्या बायकोच्या नावाने राहते, जिला गावाने कधीच सोडलेलं समजलं होतं. हे वकिलाकडे जाऊन सोडवायचं काम जवान हयात असतानाच होऊ शकतं.

लग्नाच्या वेळी पार्ट टू ऑर्डर झालीच नाही, किंवा लग्नच डिस्चार्जनंतर झालं, अशीही प्रकरणं असतात. निवृत्तीनंतरच्या लग्नाची पत्नीही फॅमिली पेन्शनला पात्र असते. फक्त तिचं नाव चढवून घ्यावं लागतं. जन्मभर पेन्शन मिळू शकणाऱ्या दिव्यांग मुलाचंही तसंच: सिव्हिल सर्जनच्या दाखल्यासह त्याची नोंद आईवडील असतानाच करून ठेवावी.

हयातीचा दाखला

वर्षातून एकदा 'मी जिवंत आहे' हे कळवावं लागतं. जुन्या पेन्शनरांना नोव्हेंबर माहीत आहे, ८० वर्षांवरच्यांसाठी खिडकी ऑक्टोबरपासून उघडते. स्पर्शमध्ये प्रत्येकाची मुदत लॉगिनवर दिसते, ती पाहावी.

जीवन प्रमाण, म्हणजे हाच दाखला ऑनलाइन, सीएससी केंद्रावर अंगठ्याने किंवा मोबाइलवर चेहऱ्याने होतं. सोयाबीन आणि कापसात आयुष्य गेलेल्या बोटांचे ठसे मशीनला उमटत नाहीत. मग ऑपरेटर 'उद्या या' म्हणतो. उद्याही तेच होतं. अशा वेळी फेस ऑथेंटिकेशन करा म्हणून सांगावं. दुसरी चूक मोठी आणि न दिसणारी आहे. अर्ज भरताना पेन्शन देणारी संस्था म्हणून ऑपरेटर सवयीने बँकेचं नाव निवडतो. मंजुरी देणारी संस्था डिफेन्स, पीसीडीए पेन्शन अलाहाबाद, आणि पेन्शन देणारी स्पर्श, पीसीडीए पेन्शन अलाहाबाद असं निवडायला हवं, नंबरही स्पर्शचा. चुकलं तरी जीवन प्रमाणची पावती मिळतेच. तो दाखला भलतीकडे जातो आणि पेन्शन थांबल्यावर 'मी तर दाखला दिला होता' म्हणत पावती घेऊन माणूस फिरत राहतो. पेन्शन थांबली तरी बुडत नाही. दाखला लागला की थकबाकीसह सुरू होते.

पेन्शनर गेल्यावर घरच्यांनी काय करायचं

ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करावी. त्यानंतर विलंब शुल्क, महिन्यानंतर वरची परवानगी, वर्षानंतर दंडाधिकाऱ्यांचा आदेश, अशी पायरी चढत जाते. नोंद करताना ग्रामसेवकाला पीपीओची प्रत दाखवून मृताचं नाव त्यावरच्या स्पेलिंगनेच घालायला लावावं. 'बापू' नावाने ओळखल्या जाणाऱ्या माणसाचा दाखला बापू नावानेच निघाला की पुढचं वर्ष दुरुस्तीत जातं.

साप चावून, वीज पडून, विहिरीत पडून किंवा रस्त्यावर मृत्यू झाला तर पोलिसांत खबर आणि शवविच्छेदन करूनच अंत्यविधी करावा. त्या घटकेला हे सांगणं कठीण असतं. पण त्या कागदाशिवाय बँकेच्या डिफेन्स सॅलरी पॅकेज खात्यावरचा अपघात विमाही जातो, आणि सातबारा असलेल्या कुटुंबाला गोपीनाथ मुंडे योजनेतून मिळणारे दोन लाखही जातात.

मग स्पर्शवर मृत्यू कळवायचा. पत्नीचं नाव पीपीओवर असेल आणि आधारशी जुळत असेल तर मृत्यूचा दाखला, तिचं आधार, पॅन, पासबुक आणि फोटो एवढ्यावर फॅमिली पेन्शन सुरू होते. सीएससीवरूनही हे करता येतं. नाव नसेल तर पुन्हा रेकॉर्ड ऑफिस, पण आता सही करायला जवान नाही.

किती मिळते? आपल्या हवालदाराच्या उदाहरणात साधी फॅमिली पेन्शन शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, म्हणजे १३,३२०. पण पहिली सात वर्षं, किंवा तो ६७ वर्षांचा झाला असता ती तारीख, यातलं जे आधी येईल तोपर्यंत वाढीव दर मिळतो, म्हणजे २२,२००. दोन्हींवर महागाई भत्ता वेगळा. नवऱ्याने पेन्शन विकलेली असली तरी ती कपात पत्नीच्या पेन्शनमधून होत नाही. नोकरीमुळे ओढवलेल्या मृत्यूत स्पेशल फॅमिली पेन्शन ६० टक्के असते, आणि युद्धात किंवा चकमकीत वीरमरण आलं तर लिबरलाइज्ड फॅमिली पेन्शन पूर्ण पगाराइतकी.

मृत्यूच्या तारखेपर्यंतचीच पेन्शन त्याची. दुसऱ्या दिवसापासून फॅमिली पेन्शन. मृत्यू कळवला नाही आणि एटीएममधून काढत राहिलं, तर ती सगळी रक्कम वसूल होते. तेरवीच्या खर्चासाठी म्हणून मुलगा चार महिन्यांचे पैसे काढतो आणि वसुली आईच्या पेन्शनमधून होते. एजीआयएफचा वाढीव विमा, म्हणजे एक्स्टेंडेड इन्शुरन्स, निवृत्तीच्या वेळी घेतलेला असेल तर त्याचा दावा वेगळा करावा लागतो. तो आपोआप येत नाही. त्याचं सर्टिफिकेट डिस्चार्ज बुकाच्या पाकिटात सापडतं.

ईसीएचएस: कार्ड आहे, दवाखाना लांब आहे

माजी सैनिकांची ही आरोग्य योजना १ एप्रिल २००३ ला सुरू झाली. वर्गणी एकदाच: हवालदारापर्यंत ३०,००० रुपये, जेसीओंना ६७,०००. युद्धात जखमी झालेल्यांना आणि युद्ध विधवांना माफ. मुलगा २५ वर्षांचा होईपर्यंत किंवा कमावता होईपर्यंत किंवा लग्नापर्यंत, मुलगी कमावती होईपर्यंत किंवा लग्नापर्यंत. आईवडिलांचं उत्पन्न ९,००० रुपये अधिक महागाई भत्ता याच्या आत हवं.

साधारण पद्धत अशी की आधी पॉलिक्लिनिकमध्ये, म्हणजे योजनेच्या दवाखान्यात, जायचं, तिथल्या डॉक्टरने रेफरल दिला की यादीवरच्या खासगी रुग्णालयात. धारणी किंवा भामरागडच्या माणसाने एका रेफरलसाठी दिवस मोडून जिल्ह्याला जायचं, पुन्हा दुसऱ्या दिवशी रुग्णालयात, हे शहरात बसून आखलेलं आहे हे उघड दिसतं. पण नियम तोच असल्याने खेप वाया जाणार नाही एवढं पाहावं. निघण्याआधी फोन करून त्या विषयाचा डॉक्टर आहे का विचारावं. औषध नसेल तर चिठ्ठीवर 'उपलब्ध नाही' असा शेरा घेतल्याशिवाय बाहेरून घेऊ नये, नाहीतर बिल अडतं.

छातीत कळ आली, अपघात झाला, साप चावला, तर रेफरलची वाट पाहू नये. जवळच्या रुग्णालयात जावं. ते यादीवर नसेल तर ४८ तासांच्या आत जवळच्या पॉलिक्लिनिकला कळवावं. कळवल्याची वेळ आणि कोणाशी बोललात ते लिहून ठेवावं. बिल ईसीएचएसच्या दरानेच मंजूर होतं, रुग्णालयाने लावलेल्या दराने नाही. म्हणून यादीवरचं रुग्णालय पंधरा-वीस किलोमीटर पुढे असेल आणि रुग्णाची तब्येत तेवढी झेपत असेल तर तिकडेच नेलेलं परवडतं.

गावातल्या योजना, नोकरी, मुलांचं शिक्षण

पीएम किसानमध्ये दरमहा १०,००० किंवा त्याहून जास्त पेन्शन घेणारा बसत नाही. पती, पत्नी आणि अज्ञान मुलं हे एकच कुटुंब धरतात, त्यामुळे शेत पत्नीच्या नावावर केलं तरी अपात्रता जात नाही. हप्ते आले म्हणून घेत राहिलेल्या अनेकांना तहसीलमधून परतफेडीच्या नोटिसा आल्या आहेत. हप्ते येत असतील तर आपणहून बंद करून रक्कम भरणं कमी त्रासाचं. लाडकी बहीण योजनेतही सरकारी पेन्शन घेणारं घर अपात्र आहे.

उलट जे मिळतं ते मागायला फारसं कोणी जात नाही. माजी सैनिक आणि त्यांच्या विधवांना एका घराची घरपट्टी २०२० पासून माफ आहे, ग्रामपंचायत हद्दीतही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला आणि अर्ज ग्रामसेवकाकडे द्यायचा. त्यासाठी आधी त्या कार्यालयात नाव नोंदवून ओळखपत्र घेतलेलं हवं. ते ओळखपत्रच नसलेले पेन्शनर खेड्यात अजून बरेच आहेत. शासनाकडून मिळालेली जमीन भोगवटादार वर्ग २ असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. इसारपावती करून अडकून पडू नये.

राज्य सरकारच्या क आणि ड गटातल्या भरतीत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे. दहावी होऊन १५ वर्षं नोकरी झालेल्याला केंद्राच्या क गटातल्या पदांसाठी पदवीसमान धरतात, आणि वयात झालेली नोकरी अधिक तीन वर्षं इतकी सूट मिळते. तलाठी किंवा पोलीस भरतीचा फॉर्म भरताना माजी सैनिकाचा रकाना रिकामा सोडला तर नंतर काही करता येत नाही. सुरक्षारक्षकाचं काम हवं असेल तर मेस्कोकडे, म्हणजे राज्याच्या माजी सैनिक महामंडळाकडे, नाव नोंदवावं.

मुलं इंजिनीअरिंग, नर्सिंग, बी. एड. अशा व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेली तर पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे: मुलींना महिना ३,०००, मुलांना २,५००. बारावी किंवा ज्यावर प्रवेश झाला त्या परीक्षेत ६० टक्के हवेत आणि अर्ज पहिल्या वर्षीच करायचा. दुसऱ्या वर्षी आठवण झाली तर उपयोग नाही.

अपंगत्व पेन्शन आणि तक्रार

डिस्चार्जच्या वेळी रिलीज मेडिकल बोर्ड होतो. ऐकू कमी येणं, पाठ, गुडघा, रक्तदाब अशा कारणाने मेडिकल कॅटेगरी खाली गेली असेल तर बोर्ड दोन गोष्टी लिहितो: अपंगत्व किती टक्के, आणि ते नोकरीमुळे झालं किंवा वाढलं का. सर्व्हिस पेन्शन घेणाऱ्यालाही किमान २० टक्के आणि नोकरीशी संबंध, या दोन्ही अटी पुऱ्या झाल्या तर वेगळी रक्कम मिळते. १०० टक्क्यांना ती शेवटच्या पगाराच्या ३० टक्के असते, कमी असेल तर त्या प्रमाणात. २१ सप्टेंबर २०२३ पासून याचे नियम बदलले आहेत, म्हणून आधी आलेल्या शेजाऱ्याला काय मिळालं यावरून आपलं ठरवू नये.

नकार आला तर पत्रात कारण दिलेलं असतं. पहिल्या अपिलाची मुदत सहा महिने. अपिलात 'मी देशसेवा केली' हे लिहून भागत नाही. कोणत्या पोस्टिंगला, कोणत्या साली, कोणत्या लष्करी रुग्णालयात पहिल्यांदा दाखल झालात, आणि भरतीच्या वेळी तुमची प्रकृती उत्तम असल्याची नोंद होती, हे लिहावं लागतं. बोर्डाच्या कागदांची प्रत रेकॉर्ड ऑफिसकडून माहिती अधिकारात मागवता येते. दोन्ही अपिलं फेटाळली तर २००७ च्या कायद्याने स्थापन झालेलं सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, महाराष्ट्रासाठी मुंबईचं. वर्षानुवर्षं थांबून तिथे गेलेल्याचा दावा मान्य झाला तरी थकबाकी बहुधा अर्जाच्या मागच्या तीनच वर्षांची मिळते.

रकमेतल्या साध्या चुकीसाठी मात्र इतकं लांब जायची गरज नाही. स्पर्शमध्ये तक्रार टाकून तिचा नंबर घ्यावा आणि तोच नंबर घालून रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहावं. नोंदच चुकीची असेल तर स्पर्श काही करू शकत नाही, आणि गणित चुकलं असेल तर रेकॉर्ड ऑफिस. चूक यांपैकी कुठली हे पीपीओ आणि डिस्चार्ज बुक शेजारी ठेवून पाहिलं की कळतं.